घरकुलाची जागा पावसाळ्यात बघा

फक्कीच्या दोन रेघा मारून झाल्या होत्या. तिसरीसाठी गवंडी वाकला, तेवढ्यात मागं उभी असलेली आजी म्हणाली, “साहेब, हितं आखाडात पाणी उपळतं बघा. चूल पेटायची न्हाई.”

मे महिन्यातली दुपार होती. माती इतकी कडक, की खुंटी ठोकायच्या आधी पहारीनं भोक पाडावं लागत होतं. मी मान वर करून बघितलं. वरच्या अंगाला भाताची दोन खाचरं, त्यांच्यामागं कारवीचा उतार, त्यावर कडा. आजी खरं सांगतेय हे मला तिथंच कळलं होतं. खाचरात साठलेलं पाणी बांधाखालून पाझरणार आणि नेमकं या पट्ट्यात वर येणार, हे सांगायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. पण माझ्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये तिच्या वाक्यासाठी रकाना नव्हता. जुन्या घराचा फोटो, नव्या जागेवर उभ्या असलेल्या लाभार्थीचा फोटो, अक्षांश-रेखांश, एवढं भरलं की काम पुढं सरकत होतं. मी भरलं. पहिला हप्ता खात्यावर आला, जोतं झालं. जुलैच्या अखेरीस परत गेलो तेव्हा जोत्यात भरलेल्या मुरमाचा गाळ झाला होता आणि एका कोपऱ्यातून पाण्याची बोटभर धार वाहत होती. आजी जुन्या कुडाच्या घरातच राहत होती. ती मला काही बोलली नाही. तिनं कोरा चहा दिला.

घरकुलांच्या कामावर मी काही वर्षं कंत्राटी अभियंता होतो. त्या जोत्यानंतर एक गोष्ट मनात पक्की झाली आणि हा लेख तेवढ्यासाठीच लिहितो आहे. घरकुलाची आखणी होण्याआधी जागेची तपासणी व्हायला हवी, जमिनीच्या अंगानंही आणि माणसांच्या अंगानंही. ती पावसाळ्यात व्हायला हवी. आणि जागा नापास झाली तर घर रद्द होता कामा नये, दुसरी जागा देण्याची जबाबदारी सरकारवर यावी. यातलं शेवटचं कलम वगळून पहिली दोन आणली तर गरिबाचं नुकसानच होईल, म्हणून तिन्ही एकत्र मागतो आहे.

योजना वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. आधीच्या इंदिरा आवासमध्ये घर २० चौरस मीटरचं होतं, ते २५ चौरस मीटरचं झालं. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार, वर शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून मजुरी. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यातल्या एका कार्यक्रमातून महाराष्ट्रात २० लाख घरांची मंजुरीपत्रं एकाच दिवशी दिली गेली. याशिवाय रमाई, शबरी, मोदी आवास, भटक्या-विमुक्तांसाठीची मुक्त वसाहत योजना आहेतच. दर पावसाळ्यात छपरावर प्लास्टिक बांधणाऱ्या बाईला पक्क्या स्लॅबखाली पहिली रात्र काढताना ज्यानं पाहिलंय, तो या योजनेला नावं ठेवणार नाही.

तपासण्याही होतात, आणि कडक होतात. जागा, जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची पट्टी), छत, अशा टप्प्याटप्प्यावर फोटो चढवल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. पूर्वी कागदावरच बांधली गेलेली घरं ज्यांना आठवतात त्यांना या फोटोंची किंमत कळेल. पण या सगळ्या तपासण्या पैशाच्या आहेत. दिलेल्या पैशाचं घर झालं की नाही, एवढंच त्या विचारतात. ज्या जमिनीवर ते उभं राहतंय ती पाऊस सोसेल का, तिथं आधी कोणाची गुरं चरत होती, पाणी किती लांब आहे, हे कोणीच विचारत नाही.

पर्यावरणाचा कायदा यात कुठं बसतो तेही बघा. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे बांधकामाला आगाऊ पर्यावरण मंजुरी लागते ती २० हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पुढं. २५ चौरस मीटरच्या घरकुलांनी हा आकडा गाठायचा तर एका जागी ८०० घरं व्हावी लागतील. आपल्याकडं घरकुलांची वसाहत वीस घरांची, चाळीस घरांची, फार तर शंभराची असते. म्हणजे शहरातल्या एका मोठ्या गृहसंकुलाला जी चाळणी लागते, ती गावातल्या कुठल्याच वसाहतीला लागत नाही. आणि २० लाख घरांचं मिळून होणारं ५ कोटी चौरस मीटर बांधकाम कुठल्याही एका फाइलीत एकत्र दिसत नाही. प्रत्येक घरकुलाला सरकार ५ ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू मोफत देतं. सगळ्यांनी ती उचलली तर १ कोटी ब्रास होते. कुठल्या नदीतून, कुठल्या पात्रातून, याचा विचार वाळूच्या लिलावात होत असेल तर होतो, घराच्या नियोजनात होत नाही.

लहान घराला एवढं कशाला हवं, असं वाटू शकतं. त्याचं उत्तर सह्याद्रीनं आपल्याला तीनदा दिलंय.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यात एसटीचा चालक नेहमीच्या वाटेनं गाडी घेऊन गेला आणि त्याला माळीण गावच दिसेना. बातमी बाहेर पडली ती त्याच्यामुळं. १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेत दरड आली, तिथं ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच सुमाराच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ठाकर आदिवासींची वाडी, गाडलीच गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर नेता येईनात, माणसं हातानं माती उपसत होती.

इर्शाळवाडीनंतर विधिमंडळात सांगितलं गेलं, की ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. यादी कोणी मुद्दाम चुकवली असं मी म्हणत नाही. जिल्ह्याच्या नकाशावरून केलेल्या यादीत चाळीस-पंचेचाळीस घरांची वाडी सुटणारच. पण वाडीवरच्या माणसाला विचारलं तर तो सांगतो, की गेल्या वर्षी वरच्या माळाला भेग पडली, अमुक झऱ्याचं पाणी यंदा गढूळ येतंय, दोन आंबे एका बाजूला कलले. दरडीची हीच तर लक्षणं. कातळावर मातीचा थर बसलेला असतो. पावसाचं पाणी मातीतून उतरतं, कातळाला अडतं, पुढं जायला वाट नसते. माती जड होते आणि तळाशी निसरडी होते. त्यात आपण घराच्या सपाटीसाठी जेसीबी लावून उताराचा पायथा कापला, की ज्या आधारावर वरचं ओझं टेकलं होतं तोच काढून घेतला. माळीणच्या वेळी पडकईसाठी, म्हणजे उतारावर भातखाचरं काढण्यासाठी, यंत्रानं केलेल्या सपाटीची चर्चा खूप झाली. घरकुलांसाठी केल्या जाणाऱ्या सपाटीची चर्चा अजून कोणी करत नाही, आणि डोंगरी तालुक्यात फिरताना तशा ताज्या, लालभडक कापण्या मला वळणावळणाला दिसतात.

माळीणची नवी वसाहत आमडे इथं झाली. २०१७ च्या एप्रिलमध्ये लोकांना घरं दिली. आखीव रस्ते, शाळा, सगळं नीटनेटकं. राज्याचं सगळं लक्ष जिच्याकडं होतं अशी ही वसाहत. जून उजाडला, पहिला मोठा पाऊस झाला आणि रस्ते खचले, भराव बसला, तडे दिसू लागले. उतार कापून टप्पे केलेले, भराव एकाही पावसाळ्यात मुरलेला नव्हता. जी माणसं डोंगर अंगावर येताना पाहून जगली होती, त्यांनी पुन्हा जमीन सरकताना पाहिली. काम नंतर दुरुस्त झालं. पण एवढ्या देखरेखीखालच्या जागेची ही गत, तर ज्या एकट्या घरकुलाकडं बघायला तालुक्याचा एक कंत्राटी माणूस मे महिन्यात वीस मिनिटं येतो, त्याचं काय?

सगळी गावं डोंगरात नाहीत. देशावर, मराठवाड्यात प्रश्नाचं रूप वेगळं आहे. जुनी माणसं गावाला पांढरी म्हणायची आणि शेताला काळी. वस्ती पांढरीवर, उंचवट्यावर. काळीत घर बांधायचं नाही. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-तीन वर्षांत भिंत कोपऱ्यातून तिरकी चिरते. पाया मुरमाला टेकवायचा तर कुठं सहा, कुठं आठ फूट खाली जावं लागतं, आणि पहिला हप्ता तिथंच पुरला जातो. आता गावठाणं भरली. पांढरीवर जागा उरली नाही. नवी घरकुलं काळीत चालली आहेत, ओढ्याच्या काठानं चालली आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि तिला मिळणारे ओढे सोलापूर, धाराशिवच्या गावांत शिरले तेव्हा सगळ्यात आधी कोणाच्या घरात पाणी आलं? ज्यांना गावात वर जागा मिळाली नाही त्यांच्या. पूररेषा निळी असते, लाल असते, शहरांच्या नकाशात ती काढलेली असते. गावच्या ओढ्याला कसली पूररेषा! तिथं खूण असते ती म्हाताऱ्यांच्या डोक्यात: “त्या साली पाणी मारुतीच्या पायरीला लागलं होतं.”

आता माणसांच्या अंगाचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकड्यानंच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम झाला. पन्नासहून अधिक गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली. घरं भूकंप सोसतील अशी बांधली, हे काम मोठंच होतं आणि त्याचं श्रेय दिलं पाहिजे. पण घराचा आकार ठरला तो नावावरच्या जमिनीवरून: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. एकेका आकाराची घरं एकेका ओळीत आली. भाऊ भावापासून तुटला, कारण वाटणीत एकाकडं जमीन जास्त होती. जुन्या गल्लीत दारात बसून शेजारणीशी बोलता यायचं, तिथं आता मधून रुंद डांबरी रस्ता आला. वसाहत जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरली, म्हणजे नळ, दिवाबत्ती, गटार सगळ्याचा खर्च तेवढ्या पट वाढला आणि तो सोसायची ताकद ग्रामपंचायतीत नव्हती. गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, कणगी कुठं ठेवायची, हे नकाशात नव्हतं. लोकांनी मग आपापल्या परीनं पत्रे मारले, भिंती ओढल्या, ओटे वाढवले. त्या वाढीव पत्र्यांतच त्यांना खरी गरज काय होती ते वाचता येतं.

या तपासण्यांची कल्पना परकी आहे, विदेशी बँकांचं थोतांड आहे, असं मी अधिकाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलंय. इतिहास उलटा आहे. नंदुरबारचा जो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, तिथलं अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे नर्मदेकाठचं गाव सरदार सरोवराच्या बुडितात सगळ्यात आधी आलं. महाराष्ट्राची ३३ गावं बाधित. तिथल्या आदिवासींनी आणि त्यांच्या बरोबरीच्या कार्यकर्त्यांनी एवढा रेटा लावला, की जागतिक बँकेला प्रकल्पाच्या स्वतंत्र आढाव्यासाठी मोर्स समिती नेमावी लागली. १९९२ मध्ये समितीनं सांगितलं, की पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्हींचं काम धड झालेलं नाही. १९९३ मध्ये बँकेचं कर्ज थांबलं आणि त्याच वर्षी बाधितांची तक्रार ऐकण्यासाठी बँकेनं स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापन केलं. आज जगभर बँकेच्या पैशातून घर, रस्ता, धरण होताना जे पर्यावरण आणि समाजविषयक निकष लावतात, त्यांच्या मुळाशी आपल्या सातपुड्यातल्या माणसांचा लढा आहे. ज्या नियमांची किंमत आपल्या माणसांनी घरं बुडवून मोजली, ते आपल्याच घरकुलांना लागू नाहीत. मला याचं दुःख आहे.

आपल्या कायद्यातही हे सगळं लिहिलेलं आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसित गावात काय हवं याची लांबलचक यादी आहे: पिण्याचं पाणी, गुरांना पाणी, गायरान, सांडपाण्याची वाट, स्मशान, रेशन दुकान, अंगणवाडी. धरणग्रस्तांना तर अठरा नागरी सुविधा तोंडपाठ असतात, कारण त्या मिळवण्यात त्यांच्या दोन-दोन पिढ्या गेल्या. पण सरकारनं ज्याला उठवलं त्यालाच हे मागता येतं. ज्याला कधी जागाच नव्हती, त्याला घरकुल देताना यातलं काहीही देणं बंधनकारक नाही.

आणि भूमिहीनाला जागा मिळते ती कोणती? दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावच्या योजनेतून जागा घ्यायला मदत मिळते. ती ५० हजारांवरून १ लाखांपर्यंत वाढवली, हे चांगलंच झालं. पण रस्त्याला लागून ५०० चौरस फूट १ लाखात विकणारा माणूस मला तरी भेटला नाही. एवढ्या पैशात मिळतो तो खणून सोडलेला मुरमाचा खड्डा, ओढ्याचा काठ, उच्चदाबाच्या तारेखालचा पट्टा, नाही तर स्मशानाला लागून असलेली पड. उरतं गायरान. तिथं वसाहत धरली की ज्याच्याकडं चार शेळ्या आहेत तो आणि ज्याला घर नाही तो, असे दोन गरीब एकमेकांसमोर उभे राहतात. गावातल्या भांडणाला जातीचा रंग चढायला वेळ लागत नाही. मी एका गावात मोजणीच्या दिवशी पोलीस बोलवावे लागलेले पाहिलेत. गायरान किती आहे, गुरं किती, त्यातलं किती वसाहतीला दिल्यावर चराई उरेल, एवढा हिशेब आधी ग्रामसभेत मांडला असता तर निम्मी कटुता टळली असती.

कातकऱ्यांची गोष्ट आणखी अवघड. रायगड, ठाणे, पालघरमधल्या किती वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर नाही तर वनखात्याच्या जमिनीवर उभ्या आहेत! पिढ्यान् पिढ्या तिथं राहूनही महसुली कागदावर त्या वाड्या नाहीत. महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाण जाहीर करता येतं, पण त्यासाठी कोणीतरी प्रस्ताव हलवावा लागतो. केंद्राच्या जनमन योजनेत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड कुटुंबांना घरासाठी २ लाख मिळतात. पैसा आहे, जागेचा कागद नाही. मग घाईघाईत कुठली तरी जागा ठरते. ती ठरते कधी? दिवाळीनंतर, जेव्हा अधिकाऱ्यांचे दौरे सुरू होतात. त्याच वेळी कातकरी वीटभट्टीवर गेलेले असतात, ते थेट पावसाच्या तोंडावर परततात. ज्यांच्या घराच्या जागेबद्दल सभा भरते ते दुसऱ्या कुणाच्या घराच्या विटा थापत असतात. वाडीत एक म्हातारा आणि दोन पोरं असतात. त्यांचा अंगठा घेऊन ‘सहमती’ होते.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रापुरता वनहक्क कायद्यात बदल केला. आदिवासी कुटुंबांना गावाशेजारच्या वनजमिनीवर घरं बांधायची वाट त्यानं मोकळी झाली. मी या बदलाच्या बाजूचा आहे. पण घाटातली वनजमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी उतारच. तिथं झाडं तोडून, पायथा कापून वसाहत केली तर उद्या पुन्हा एखादी वाडी आपण स्वतःच्या हातानं कड्याखाली नेऊन ठेवू.

माझा एक जुना सहकारी आहे, मनानं चांगला माणूस. हे सगळं ऐकून तो म्हणाला, “तू म्हणतोस ते खरंय रे, पण तपासणी आणली की एक कागद वाढला. कागद वाढला की टेबल वाढलं. टेबल वाढलं की गरिबाला दोन हजार रुपये वाढले. त्यात वर्ष जाणार, सिमेंट महागणार आणि शेवटी घरच होणार नाही.” त्याचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला गोळा करताना माणसं कशी झिजतात ते मी रोज पाहत होतो. याहून मोठी एक भीती आहे, ती त्यानं बोलून दाखवली नाही. ‘धोकादायक जागा’ हा शिक्का गरिबाला हुसकवायलाही वापरतात. वाडीला सांगायचं, उतार धोक्याचा आहे, उठा. आणि त्याच उतारावर दोन वर्षांनी कोणाचं तरी फार्महाउस उभं राहतं, तरणतलावासकट. म्हणून नियम असा हवा, की जो उतार घरकुलाला नापास झाला तो बंगल्यालाही नापास. आणि लाभार्थीनं एकही कागद आणायचा नाही. तपासायचं सरकारनं, सरकारच्या खर्चानं, ठरलेल्या मुदतीत. जागा नापास झाली तर तेच नापासपत्र पर्यायी जागेच्या मागणीचा कागद ठरावा, आणि तोवर मंजुरी जिवंत राहावी, ‘लक्ष्य पूर्ण झालं नाही’ म्हणून यादीतून नाव उडू नये.

एवढे तज्ज्ञ कुठून आणायचे, असं विचारतात. प्रत्येक घराला भूवैज्ञानिक लागत नाही. बहुतेक जागांचा निकाल जागेवरच लागतो, विचारणारा आणि सांगणारा दोघं हवेत. अभियंता, ग्रामसेवक, तलाठी आणि त्यांच्याबरोबर गावातलं एखादं म्हातारं माणूस आणि पाणी भरणारी एखादी बाई. पाणी कुठं उपळतं, ओढा कुठवर फुगतो, वरच्या बाजूला भेग आहे का, कापावं किती लागेल, कापल्यावर पाणी कुठल्या दिशेनं काढायचं, पाया मुरमाला किती फुटांवर लागेल हे चालता चालता कळतं. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १० मीटर तरी लांब पडतो का आणि ती विहीर खालच्या अंगाला तर नाही ना, हेही. मग दुसरी बाजू: या जागेवर आज कोणाची वहिवाट आहे, हंडा घेऊन किती चालायचं, रात्री बाळंतपणाला गाडी दारापर्यंत येते का, पोरांची शाळा ओढ्यापलीकडं तर जात नाही ना, आणि आपल्या माणसांपासून तोडून कोणाला कडेला टाकलं जातंय का. एवढं एका पानात मावतं. ज्या जागेबद्दल शंका उरेल तिथंच भूवैज्ञानिक बोलवायचा. तो जिल्ह्यात असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं विहिरीच्या जागा बघत गावोगाव फिरतात. कुठल्या डोंगरात पाणी कसं उतरतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांची सही घरकुलाच्या फाइलीवर का नसावी?

आणि त्या पानाच्या शेवटी एक मोकळा रकाना हवा, राहणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहायला. तो ॲपमध्ये हवा, सक्तीचा हवा, तो भरल्याशिवाय फोटो चढू नये. मे महिन्यातल्या त्या दुपारी मला एवढंच हवं होतं.

वेळेचं म्हणाल तर तीही सोय आहे. १५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा भरतेच. त्या दिवशी खाचरं तुडुंब असतात, ओढे वाहत असतात, जमिनीत जिथं पाणी आहे तिथं ते उघड दिसत असतं. कातकरी वाडीवर असतात, भट्ट्या बंद असतात. झेंडावंदन झालं की सभा शाळेच्या व्हरांड्यात भरवण्याआधी अर्धा दिवस सगळ्यांनी मिळून त्या वर्षाच्या घरकुलांच्या जागांवर चालत जावं, प्रत्येक जागेवर उभं राहावं आणि मग परत येऊन ठराव लिहावा. आखणी दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर. बांधकाम तसंही तेव्हाच नीट होतं.

आजीचं घर पुढं दोन वर्षांनी झालं. त्याच गटात, पण पन्नास-साठ पावलं बाजूला, आंब्याखालच्या खडकाळ तुकड्यावर. तो तुकडा चुलत दिराच्या वाटणीचा होता. त्याच्याशी बोलून, अदलाबदल करून घेतला तिनं स्वतःच. फसलेल्या जोत्याचा खर्च मात्र तिच्याच माथी बसला, कारण त्याची भरपाई द्यायला कुठल्याच नियमात तरतूद नव्हती. त्या जोत्यात आता ती अळू लावते. वर्षभर पाणी असतं तिथं.